मेसेज गेला म्हणजे इंजिन तापलं असं नाही

विहिरीवरची मोटार घरी बसून मोबाइलवर चालू-बंद करणाऱ्याला विमानाचं इंजिन दुरून तापवायची युक्ती निम्मी आधीच माहीत असते. सिम घातलेली पेटी, आत रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच, पलीकडे लोड. रात्रीच्या लाइटीत गव्हाला पाणी द्यायला थंडीत उठायला नको म्हणून मराठवाड्यात मोबाइल स्टार्टर वस्त्यावस्त्यांवर पोचला. अमेरिकेतल्या मिनेसोटात किंवा कॅनडातल्या सस्कॅचेवानात उणे वीस अंशांत पहाटे तीनला हँगरवर, म्हणजे विमानाच्या शेडवर, जाऊन हीटरची पिन खोचायला नको म्हणून तिकडे तशीच पेटी विमानाशेजारी भिंतीवर बसते.

उरलेलं निम्मं वेगळं आहे आणि चुका तिथेच होतात. मोटार मेसेजसरशी चालू होते, इंजिन तापायला चार-सहा तास लागतात. मोटार चालली नाही तर वाफा कोरडा राहतो आणि ते दिसतं. इंजिन थंड राहिलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. तसंच सुरू केलं तर नुकसान आत होतं आणि शेदोनशे तासांनी तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचा चुरा होऊन बाहेर येतं. लातूर-नांदेड-परभणीकडून वैमानिक व्हायला किंवा विमान दुरुस्तीचं काम करायला उत्तर अमेरिकेत गेलेल्यांनी ही मांडणी आधीच नीट समजून घ्यावी.

किती थंडी म्हणजे थंडी

परभणीत पारा आठवर आला की आपण शेकोट्या पेटवतो. इंजिनाच्या हिशेबात ते हीव काहीच नाही. लायकमिंग ही छोट्या विमानांची इंजिनं बनवणारी कंपनी. तिच्या बहुतेक इंजिनांना उणे १२ अंश सेल्सिअसच्या खाली प्रीहीट करायला, म्हणजे सुरू करण्याआधी तापवायला, कंपनी सांगते. ओ-३२०-एच सारख्या ७६ मालिकेतल्या इंजिनांना ही मर्यादा उणे ६-७ अंशांवर येते. काँटिनेंटल या दुसऱ्या इंजिन कंपनीचा आकडाही उणे ७ च्या आसपास आहे. हे किमान आकडे झाले. शून्याच्या खाली गेलं की तापवूनच सुरू करायचं, असा नियम ठेवणारे मालक काही वेडे नाहीत. दोन युनिट वीज जाते, बाकी काय?

नुकसान कशामुळे होतं ते माहीत असलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. तेल घट्ट होतं हे सगळ्यांना कळतं. त्याहून कमी बोललं जाणारं कारण धातूंचं आहे. इंजिनाचा क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा, आतला क्रँकशाफ्ट पोलादी. केस म्हणजे बाहेरचं कवच, शाफ्ट म्हणजे आत फिरणारा दांडा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं. म्हणजे कडाक्याच्या थंडीत केस शाफ्टवर आवळत येतो आणि बेअरिंगमध्ये तेलासाठी ठेवलेली फट कमी होते. फट कमी आणि तेल काकवीसारखं, अशा वेळी शाफ्ट फिरवला तर बेअरिंगला पहिली काही सेकंदं जवळजवळ कोरडी जातात. सिलिंडरमध्ये याच्या उलट संकट. सुरू झाल्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन झपाट्याने फुगतो, बाहेरची पोलादी नळी अजून गार असते, आणि पिस्टन तिला घासतो.

म्हणून नुसतं तेल पातळ केलं की झालं, हा समज सोडा. पातळ तेलाचा आवळलेल्या बेअरिंगला फारसा उपयोग नाही. वरचा केस, सिलिंडर, शाफ्ट, सगळं तापलं पाहिजे.

मराठवाड्यात या भानगडीची गरज आहे का? नाही. चिकलठाणा असो, नांदेड असो की लातूर, इथलं तापमान त्या मर्यादेपर्यंत जातच नाही. भारतात तशी थंडी लडाखकडे पडते. पण तेलाच्या बाबतीत इथेही एक चूक होऊ शकते. मे महिन्याच्या बेचाळीस अंशांना साजेसं सिंगल ग्रेड १०० नंबरचं तेल, म्हणजे एसएई ५०, भरून ठेवलेलं असतं. लायकमिंगच्या तक्त्यात ते तेल १५-१६ अंशांच्या वरच्या हवेसाठी आहे. जानेवारीतली आठ अंशांची सकाळ त्या तक्त्याबाहेर जाते. उपाय स्वस्त आहे. दिवाळीनंतरच्या तेलबदलात ८० नंबरचं, म्हणजे एसएई ४०, किंवा १५डब्ल्यू-५० भरायचं, आणि विमान नाकाने पूर्वेकडे उभं करून ऊन चढेपर्यंत थांबायचं. इथे पेटी, सिम, हीटर, काही लागत नाही. पुढचं सगळं गोठणाऱ्या मुलखासाठी.

ऊब कुठे द्यायची

ऑइल संपच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या, बुडाला चिकटवायचं सिलिकॉनचं पॅड सगळ्यात स्वस्त आणि बसवायला सोपं. एकटं ते पुरत नाही. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र हीटर हवा. सिलिंडरच्या बुडाशी आवळायचे पट्टे मिळतात, किंवा सिलिंडर हेडला तापमापकासाठी असलेल्या भोकात बसणारे छोटे हीटर मिळतात. रीफ आणि टॅनिस ही त्यातली जुनी नावं. चार सिलिंडरच्या इंजिनाला सगळं मिळून ३०० ते ६०० वॅट धरा.

वॅट किती हवेत हे दुकानदाराला विचारू नका, स्वतः काढा. इंजिन जोडलेल्या वस्तूंसह १३० किलोचं धरू. अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद मिळून एक किलो एक अंशाने तापवायला सरासरी ०.६५ किलोज्यूल लागतात, म्हणजे प्रत्येक अंशाला ८५. तेल साडेसात लिटर, त्याचे आणखी १३. एकूण ९८ किलोज्यूल दर अंशाला. उणे २० वरून अधिक २० वर न्यायचं तर ४० अंशांचे ३,९०० किलोज्यूल झाले. आपल्या मीटरच्या भाषेत एक युनिटाहून जरा जास्त.

६०० वॅटच्या संचाला हे काम, काहीही ऊब वाया गेली नाही तर, पावणेदोन तासांचं. पण ऊब वाया जातेच. काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं पत्र्याचं कवच, झाकलेलं असेल तर अंदाजाने निम्मी जाते असं समजा, म्हणजे साडेतीन-चार तास. आता २५० वॅटचं एकटं पॅड बघा. कागदावर सव्वाचार तास. प्रत्यक्षात इंजिन तापत जाईल तशी ऊब बाहेर जाण्याचा वेगही वाढतो आणि एका ठिकाणी दोन्ही बरोबरीला येतात. ती बरोबरी बहुधा शून्याच्या आसपासच येते. मग आठ तास ठेवा की अठरा, वरचे सिलिंडर गारच.

झाकण म्हणून हीटरइतकंच महत्त्वाचं. काउलिंगवर जाड अस्तराचं आवरण, हवा आत घ्यायच्या भोकांना फोमचे बोळे, खाली हवा बाहेर पडते तिथेही बोळा. आणि प्रोपेलर. क्रँकशाफ्ट थेट प्रोपेलरला जोडलेला असतो. धातूची दोन लांब पाती उघड्यावर म्हणजे इंजिनातली ऊब ओढून वाऱ्यावर उधळणारा पंखाच. स्पिनर, म्हणजे प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी, आणि पात्यांचं मूळ झाकणारं आवरण मिळतं, ते घ्या. विकतचं आवरण महाग वाटलं तर काउलिंगवर बाहेरून जाडजूड वाकळ टाकली तरी फरक पडतो. फक्त ती हीटरला किंवा वायरीला टेकता कामा नये, आणि खाली लोंबती लाल पट्टी शिवून घ्या म्हणजे काढायची राहणार नाही.

गॅसवर चालणारा गरम हवेचा भाता वेगळा. तो अर्ध्या-पाऊण तासात काम करतो, पण त्याच्याशेजारी माणूस आणि आग विझवायचं नळकांडं दोन्ही उभे हवेत. तो दुरून चालू करायची वस्तूच नाही. खोलीत ठेवायचा पंख्याचा हीटर किंवा मोठा बल्ब काउलिंगमध्ये सोडून दुरून चालू करणं याच रांगेतलं. जवळच पेट्रोलची वाफ धरणारा कार्बोरेटर असतो आणि शेजारी कोणी नसतं. कायम चिकटवलेले, विमानासाठी मान्य झालेले हीटरच दुरून चालवायचे. ते बसवल्याची नोंद परवानाधारक इंजिनिअरकडून लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, घ्या.

पेटी आणि सिम

पेटी विमानात बसवू नका. भिंतीवर किंवा खांबावर ठेवा. विमानाबाहेर असलेली पेटी विमानाचा भाग होत नाही, त्यामुळे मंजुरीचा प्रश्न येत नाही, वजन वाढत नाही, आणि बिघडली तर विमान अडकत नाही.

गावाकडून चांगला स्टार्टर नेतो आणि तोच लावतो, असा विचार कुणाच्या मनात आला तर तीन अडचणी आहेत. आपल्याकडचे बरेच मोबाइल स्टार्टर २जीवर चालतात. अमेरिकेत तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ संपेपर्यंत ३जीसुद्धा बंद केलं. तिथे ४जीवर बोलणारी पेटीच लागते. दुसरं, आपली पेटी थ्री फेज मोटारीसाठी, तिकडची लाइन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिसरं हीटरचं. २३० व्होल्टचा ५०० वॅटचा हीटर १२० वर लावला तर ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते आणि हातात १३६ वॅट उरतात. तो चालू दिसतो, कोमट लागतो आणि इंजिन गार राहतं. उलट १२० चा हीटर २३० वर लावला तर पावणेचार पट ताकद खाऊन जळतो.

पेटी घेताना एवढं बघा. रिले किमान १५-१६ अँपिअरचा. उणे ३०-४० अंशांत चालेल असं पत्रकावर लिहिलेलं. बाहेर वायरवर लोंबणारा तापमापक जोडता येतो. किती अँपिअर चाललेत ते सांगते. लाइट गेली की स्वतःहून मेसेज पाठवते. शेवटच्या दोन गोष्टी नसतील तर पेटी अर्धीच. आपल्या पंपाचा स्टार्टर अँपिअर बघूनच मोटार कोरडी चालली हे ओळखतो, इथेही तेच. सिलिंडरचे चार पट्टे १०० वॅटचे आणि पॅड २०० चं असेल तर १२० व्होल्टवर बरोबर ५ अँपिअर दिसले पाहिजेत. ४.२ दिसले तर एक पट्टा गेला. १.७ दिसले तर नुसतं पॅड चालू आहे. शून्य दिसलं तर पिनच खोचलेली नाही. पहिल्या दिवशी सगळं ठीक असताना आकडा पेटीवर खडूने नाही, पक्क्या शाईने लिहून ठेवा.

लाइट गेल्याचा मेसेज पाठवायला पेटीत छोटी बॅटरी असते. ती लिथियमची असेल तर शून्याखाली चार्ज होऊ नये. झाली तर लवकर मरते. पेटीला फोमचं अस्तर लावलेला डबा द्या, तिची स्वतःचीच ऊब तिला पुरते. पत्र्याचा हँगर सिग्नल खातो, म्हणून अँटेनाची वायर पत्र्याबाहेर काढा.

सिमच्या बाबतीत माणसं अडतात ती फालतू कारणांवर. पिन लॉक काढायला विसरतात, मग लाइट एकदा जाऊन आली की सिम बंद. यंत्रांसाठीचं स्वस्त सिम घेतात, ज्यात डेटा असतो पण एसएमएस नसतो. उन्हाळ्यात वापर नाही म्हणून रिचार्ज सोडून देतात आणि नोव्हेंबरात नंबरच गेलेला असतो. आणि ठरावीक नंबरवरूनच हुकूम मान्य करायची सोय चालू करत नाहीत, मग कुठलासा जाहिरातीचा कॉल आला की हीटर चालू. मिस्ड कॉलवर चालणारी पेटी टाळा. मेसेजवर चालणारी आणि मेसेजनेच उत्तर देणारी घ्या.

हँगरमध्ये वायफाय असेल तर स्मार्ट प्लगही चालतो. पण राउटर अडकला की कोणी जाऊन बंद-चालू करेपर्यंत सगळं ठप्प, आणि कोणी जायला नको म्हणून तर हा खटाटोप.

वायर १२ गेजची, बाहेर वापरायची, थंडीत मऊ राहणारी. साधी पीव्हीसीची वायर उणे वीसला काठीसारखी होते आणि वाकवली की तडकते. पातळ वायरीचा भुर्दंडही मोजून बघा. १६ गेजच्या तीस मीटर वायरीतून १२ अँपिअर नेले तर १२० पैकी साडेनऊ व्होल्ट वायरीतच जिरतात, आणि ती ऊब इंजिनाऐवजी बर्फाला मिळते. ५ अँपिअरला फरक कमी, पण शेजारच्या विमानवाल्याने त्याच वायरीला आपला हीटर जोडला की हिशेब बदलला. एका सॉकेटवर सलग लोड १२ अँपिअरच्या वर जाऊ देऊ नका.

कधी चालू करायचं

६०० वॅटचा संच आणि नीट झाकलेलं इंजिन असेल तर उणे १० ला तीन तास, उणे २० ला चार, उणे ३० ला सहा तास धरा. ३०० वॅटचा संच असेल तर किमान दुप्पट, आणि तापमान मध्येच एका जागी थांबलं तर तो संच त्या थंडीला पुरत नाही असं समजा. वारा सुटला असेल आणि विमान उघड्यावर असेल तर आणखी एक-दोन तास. हे आकडे सुरुवातीपुरते. आपल्या विमानावर दोनदा-तीनदा दर तासाला तापमान मागवून वहीत उतरवा, मग स्वतःचा तक्ता तयार होतो आणि दुसऱ्याचा लागत नाही.

तापमापक कुठे लावता यावर त्या तक्त्याची किंमत ठरते. पॅडजवळ लावला तर तासाभरात तो चाळीस दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. तो क्रँककेसच्या वरच्या बाजूला, सिलिंडरांच्या मधोमध, पट्ट्यांपासून लांब हवा. तिथे १५-२० अंश दिसले म्हणजे बाकी सगळं त्याच्या पुढे गेलं आहे.

सकाळी आठला उडायचं असेल आणि रात्री उणे २० होणार असेल तर पहाटे तीनला चालू व्हायला पाहिजे. झोपेतून उठून मेसेज पाठवायची गरज नाही. वेळ ठरवून द्यायची सोय बहुतेक पेट्यांत असते. चारला पेटीकडून पहिलं उत्तर येऊ द्या, त्यात अँपिअर हवेत. साडेपाचला तापमान मागवा. चढलं नसेल तर अजून तुमच्या हातात वेळ आहे, आणि उड्डाण पुढे ढकलायचं हे घरूनच ठरवता येतं. नांदेडला बसून कुणी अमेरिकेतल्या डकोटात राहणाऱ्या मुलाच्या विमानाचं तापमान बघू शकतं हे खरं आहे, आपल्याकडे तेव्हा दुपारच असते. पण हुकूम देणारा नंबर एकच ठेवा. दोघांनी चालू-बंद करायला घेतलं की काय चाललंय ते दोघांनाही कळत नाही.

लाइट जाऊन परत आल्यावर पेटीने काय करायचं, हेही आधीच ठरवा. पंपाला ऑटो ठेवला आणि विहिरीत पाणी नसलं तर मोटार जळते, म्हणून तिथे विचार करावा लागतो. इथे उलट आहे: लाइट आली की आधी चालू असलेला हीटर परत चालू झाला पाहिजे. त्याचबरोबर जास्तीत जास्त बारा तासांनी आपोआप बंद, ही मर्यादाही घाला.

मग हिवाळाभर चालूच का ठेवू नये? कारण ओलावा. प्रत्येक उड्डाणानंतर तेलात थोडं पाणी राहतं. नुसता संप तापत राहिला की ते पाणी वाफ होऊन वर जातं आणि गार कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, दव होऊन बसतं. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो, तिथलं तेल आधीच निथळून गेलेलं असतं, आणि गंज नेमका तिथे धरतो. सगळं इंजिन सारखं तापत असेल आणि झाकलेलं असेल तर धोका बराच कमी होतो, तरी आमचं मत एकच: उडायच्या आधीच्या काही तासांपुरतंच तापवा. तीन दिवस हवा वाईट म्हणून उड्डाण रद्द होत असेल तर रोज तापवून रोज गार करू नका. हा प्रकार चालू ठेवण्यापेक्षाही वाईट.

पेटी खोटं बोलते तेव्हा

"चालू" असं उत्तर आलं याचा अर्थ रिले ओढला गेला, एवढाच. त्याच्या पुढे काय काय होऊ शकतं? तिकडच्या बाहेरच्या सॉकेटांना जीएफसीआय असतो, करंट गळला की लाइन पाडणारा स्विच, आपल्या ईएलसीबीचा भाऊ. पिनेत बर्फ वितळून पाणी गेलं की तो पडतो आणि पेटीच्या पुढे बसवलेला असेल तर पेटीला पत्ताही लागत नाही. पिनांचा जोड जमिनीवर पडू देऊ नका, उंच टांगा आणि तोंड खाली ठेवा. बर्फ काढणारं यंत्र वायर ओढून नेतं. दुसरा विमानवाला तुमची पिन काढून स्वतःची खोचतो आणि घाईत परत लावत नाही. या सगळ्यांना अँपिअरचा आकडा पकडतो.

उलटा बिघाड जास्त वाईट. रिलेचे टोक चिकटून जातात, पेटी "बंद" म्हणते आणि हीटर चालूच. बंद केल्यावरही एकदा अँपिअर विचारायची सवय ठेवा. शून्य नसेल तर हँगरवाल्याला फोन करून मेन पाडायला सांगा.

उंदीर जगभर सारखेच. आपल्याकडे स्टार्टरच्या पेटीत उबेला पाल शिरते आणि टोकांमध्ये चिकटून मरते; तिकडे तापलेल्या काउलिंगमध्ये उंदीर घर करतात, वायरी कुरतडतात, गवत-चिंध्या आणून ठेवतात. बोळे घट्ट बसवा आणि उडण्याआधी काउलिंगमध्ये बॅटरी मारून बघा. दर ५० तासांच्या तपासणीत पॅडची कड सुटली का, रबर काळं पडलं का, वायर कुठे घासते का हे बघा. कड सुटलेलं पॅड तिथेच जास्त तापतं आणि जळतं.

इंजिन मस्त तापलं आणि विमानाची बॅटरी मात्र गार, हे तर नेहमीचं. उणे १८ ला लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते. अर्धी उतरलेली असेल तर स्टार्टर फिरणार नाही. पूर्ण उतरलेली असेल तर गोठून फुटेल. बॅटरीखाली घालायचा छोटा हीटर त्याच लाइनीवर घ्या, नाहीतर बॅटरी काढून घरी न्या.

हँगरवर पोचल्यावर

आधी हीटर बंद, मग पिन काढायची, वायर गुंडाळून भिंतीला. आवरणं, बोळे मोजून काढा. किती लावले होते तो आकडाही वहीत असू द्या. पिन लावलेली असताना इंजिन सुरू करायची चूक टाळायला वायरीच्या टोकाची लाल पट्टी कंट्रोल लॉकला, म्हणजे विमानाचं सुकाणू अडकवून ठेवणाऱ्या खिट्टीला, बांधतात, चांगली युक्ती आहे.

क्रँककेसचा ब्रीदर पाइप, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणारी नळी, बघा. इंजिनातली वाफ त्याच्या टोकाशी गोठून बूच बसतं, आत दाब वाढतो आणि पुढचं ऑइल सील उडून सगळं तेल बाहेर येतं. म्हणूनच त्या पाइपाला वर, उबेत, एक जास्तीचं भोक ठेवलेलं असतं. तेही मोकळं आहे ना बघा. इंधनाच्या टाकीतून नमुना काढताना थेंबही आला नाही तर "पाणी नाही" असं समजू नका, नळीतलं पाणी गोठलेलं असू शकतं. पंखांवरचा दवबर्फ पूर्ण काढा. इंजिन तापवल्याने पंख तापत नाहीत.

प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन मोकळं झालं का बघणारे आहेत. बघा, पण मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) बंद, मिक्स्चर (इंधनाचा दांडा) कट, किल्ली खिशात, आणि तरीही इंजिन आत्ता सुरू होईल असं समजून बाजूला उभं राहून.

नीट तापलेलं इंजिन नेहमीच्या प्रायमिंगवर, म्हणजे आधी थोडं पेट्रोल सोडून, सुरू होतं. थ्रॉटल पंप करू नका. थंडीत पेट्रोल उडत नाही, खाली साचतं आणि बॅकफायर झाला की आग लागते. स्टार्टर दहा सेकंदांच्या वर सलग नको. इंजिन एकदा-दोनदा फटफटून बंद पडलं आणि मग काहीच प्रतिसाद देईना, तर स्पार्क प्लगवर बर्फ धरला आहे. जळण्यातून पाणी तयार होतं आणि गार प्लगवर ते लगेच गोठतं. आता बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारण्यात अर्थ नाही. परत पिन खोचा आणि दोन तास द्या. सिलिंडर तापले नव्हते, एवढं त्यातून सिद्ध होतं.

सुरू झाल्यावर नजर तेलाच्या दाबावर. ३० सेकंदांत काटा हलला पाहिजे. अति थंडीत काही पुस्तिका याच्या दुप्पट वेळ देतात. तुमच्या विमानाची पुस्तिका काय म्हणते ते आधी वाचून ठेवा. दाब आला नाही तर लगेच बंद. हजार-बाराशे आरपीएमवर थांबा, तापमान हिरव्या पट्ट्यात येऊ द्या, थ्रॉटल पुढे नेल्यावर इंजिन अडखळत नाही याची खात्री करा. हलक्या विमानांतलं रोटॅक्स ९१२ इंजिन असेल तर तेल ५० अंशांवर आल्याशिवाय उड्डाण नाही.

उतरल्यावर इंजिन गरम आहे तोवरच आवरणं घाला, ती ऊब फुकटची आहे. पिन खोचा, पेटी बंद ठेवा. मग गाडीत बसून एकदा "चालू" मेसेज टाका, अँपिअर बघा, "बंद" टाका, परत अँपिअर बघा. दुसरा आकडा शून्य आला की निघा.